ल्युकेमिया पेशींचे रसायनप्रेरित विभेदन व डीएनए

ल्युकेमियात रक्ताच्या अपक्व पेशी वाढत राहतात, पण पक्व होत नाहीत. काही रसायने दिल्यास हे अडलेले विभेदन पुढे सरकते: पेशी प्रौढ रूप घेते आणि तिचे विभाजन थांबते.

१९७१ मध्ये शार्लट फ्रेंड व सहकाऱ्यांनी उंदराच्या ल्युकेमिया पेशींना डायमिथिल सल्फॉक्साइड दिले, तेव्हा त्या हिमोग्लोबिन बनवू लागल्या. द्रव्य मुळात साधा विद्रावक. गोमंतकीयांना त्याचा भाऊबंद नाकाने ओळखीचा आहे : समुद्राच्या वासातला डायमिथिल सल्फाइड वायू. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने झुवारीच्या खाडीत त्याचा अभ्यास केला आहे. हवेत त्याचे ऑक्सिडीकरण होताना सल्फॉक्साइडही तयार होते.

१९७७ मध्ये एका ३६ वर्षीय रुग्ण स्त्रीच्या रक्तातून एचएल-६० हा प्रयोगशाळेत वाढत राहणारा ल्युकेमिया पेशीवंश मिळाला. त्याच्या पेशी या विद्रावकाने कणिकाश्वेत पेशींकडे (कण असलेल्या पांढऱ्या पेशी) वळतात, फॉर्बॉल एस्टर या दुसऱ्या रसायनाने महाभक्षी पेशींकडे (जंतू गिळणाऱ्या पेशी). डीएनए एकच, वाटा दोन. म्हणून विभेदनात ‘डीएनए बदलतो’ असे म्हणताना ही शब्दयोजना जपून वापरावी. मोडी दप्तरातला मजकूर तोच असतो. कुठला रुमाल (कागदांचे गाठोडे) सोडला आणि कुठला बांधून ठेवला, एवढाच फरक पडतो.

जनुक बांधून ठेवणारी ही गाठ मुख्यतः डीएनएतील सायटोसीन या घटकावर बसणाऱ्या मिथिल गटाची (कार्बन-हायड्रोजनचा छोटा गट). फ्रेंड यांच्या पेशींत विभेदनाच्या वेळी हे मिथिलीकरण घटल्याचे आढळले. अ‍ॅझासायटिडीन हे रसायन तर मिथिल गट चढवणाऱ्या विकरालाच (एन्झाइम) डीएनएवर अडकवून ठेवते. मात्र त्यासाठी पेशीने डीएनएची नवी प्रत काढायला हवी. विभेदनात डीएनएच्या धाग्यांत तात्पुरते छेदही दिसले. ते विभेदनाचे कारण की नुसती खूण, यावर बराच वाद झाला. एचएल-६० मध्ये मिक या पेशीविभाजनाला चालना देणाऱ्या जनुकाच्या अनेक जादा प्रती असतात. पेशी पक्व होऊ लागताच त्यांचे काम झपाट्याने मंदावते.

प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या प्रकारात १५ व १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे चुकीचे जोडले जातात व त्यातून बनलेले प्रथिन पक्वतेची जनुके बंद ठेवते. शांघायच्या वैद्यांनी १९८८ मध्ये या रोगाच्या २४ रुग्णांना रेटिनॉइक आम्ल (अ जीवनसत्त्वाचे एक रूप) दिल्याचे प्रसिद्ध केले. जवळजवळ सर्वांचा रोग त्याने आटोक्यात आला. गंमत अशी, की औषधाने पक्व झालेल्या पेशींतही ती चुकीची जोडणी तशीच सापडते. पेशी मात्र आता इतर कणिकाश्वेत पेशींसारखीच अल्पायुषी असते.