बोअरखालचं हिमयुग

जत-आटपाडीकडं बोअरची गाडी शेतात आली की कुणीतरी सांगतंच, "अजून खाली जाऊ द्या, हिमयुगातलं पाणी लागंल, ते आटत नसतं." चूक. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी कॅनडा आणि उत्तर युरोपवर बर्फाचे किलोमीटरभराहून जाड थर होते. त्यांच्या तळाशी वितळलेलं पाणी वरच्या दाबानं खोल खडकांत रेटलं गेलं. आपल्याकडं तसा बर्फ नव्हताच. उलट तेव्हा मॉन्सूनच दुबळा होता, म्हणजे मुरणार काय? त्यात आपला काळा पाषाण. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, भेगांत, दोन थरांमधल्या सांध्यात. खाली जाल तशा भेगा सहसा मिटत जातात. म्हणून हजार फुटांवरही नुसता फुफाटा उडतो आणि गाडीवाला मात्र फुटावर पैसे मोजून घेतो.