गाणं ऐकून वय कमी कसं झालं?

बीटल्स या इंग्लिश बँडचं एक गाणं ऐकवल्यावर विद्यार्थ्यांचं वय, दुसरी धून ऐकलेल्यांच्या तुलनेत, जवळपास दीड वर्षानं कमी झालं. मनानं तरुण झाले असं नव्हे, जन्मतारखेवरून काढलेलं वयच घटलं! जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि उरी सिमोनसोन या संशोधकांनी २०११ साली हा निष्कर्ष मुद्दाम छापला. मानसशास्त्रात सर्रास चालणाऱ्या पद्धतींनी अशक्य गोष्टही ‘सिद्ध’ होते, हे त्यांना दाखवायचं होतं.

खरा फरक नसताना निव्वळ योगायोगानं तो दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असेल, तर निष्कर्ष स्वीकारायचा असा संकेत आहे. चाचणी एकच असेल तर ठीक. पण वीस स्वतंत्र चाचण्या केल्या तर? एकीत योगायोगानं न फसण्याची शक्यता ०.९५. वीसही चाचण्यांत न फसण्याची ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६. निदान एकदा फसण्याची शक्यता झाली ६४ टक्के! आता कुणी मुद्दाम वीस चाचण्या करत बसत नाही. दहा जणांनंतर आकडे बघायचे, जमलं नाही तर आणखी दहा घ्यायचे, मुलं-मुली वेगळी करून बघायची, एखादा विचित्र आकडा वगळायचा. त्या त्या वेळी प्रत्येक निर्णय रास्तच वाटतो, पण प्रत्येक म्हणजे आणखी एक चाचणीच. वरच्या प्रयोगात उत्तर जमलं ते वडिलांचं वय हिशेबात धरल्यावर.

२०१५ साली मानसशास्त्रज्ञ ब्रायन नोसेक आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्रातले छापून आलेले १०० प्रयोग पुन्हा केले. मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम आढळला होता, फेरप्रयोगांत ३६ टक्क्यांतच. ‘मानसशास्त्र थोतांड आहे’ अशी ओरड झाली. मला मात्र या शास्त्राबद्दल आदर वाटू लागला तो इथूनच, कारण झाडाझडती घेणारे घरचेच होते.

त्यातून रुजलेला उपाय म्हणजे ‘रजिस्टर्ड रिपोर्ट’. गृहीतक काय, माणसं किती, गणित कोणतं, हे प्रयोगाआधीच शोधपत्रिकेला कळवायचं. आराखडा मंजूर झाला की उत्तर काहीही येवो, निबंध छापला जातो. २०२१ च्या एका तुलनेत नेहमीच्या निबंधांपैकी ९६ टक्क्यांत गृहीतक खरं ठरलं होतं, रजिस्टर्ड रिपोर्टांपैकी ४४ टक्क्यांत.

महाराष्ट्रात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर प्रभृतींनी फलज्योतिषाची चाचणी घेतली, तीही अशीच. कुंडलीवरून मूल हुशार की मतिमंद ते ओळखायचं, आणि ४० पैकी निदान २८ उत्तरं बरोबर हवीत, हे आधीच ठरलं होतं. सर्वांत जास्त आली २४. निकालानंतर निकष बदलायला जागाच नव्हती.

नोसेक यांच्या ‘सेंटर फॉर ओपन सायन्स’ या संस्थेच्या संकेतस्थळावर हजारो आराखडे कुणालाही वाचायला खुले आहेत. ‘मानसशास्त्रज्ञ म्हणतात’ अशी बातमी छापण्याआधी पत्रकारांनी आराखडा आणि निबंध ताडून पाहावा, आणि आराखडा नसेल तर तसं बातमीतच लिहावं.