निर्णायक-प्रसंग मुलाखत

वेळ थोडा, माहिती अपुरी आणि चूक महागात पडणारी, अशा परिस्थितीत अनुभवी माणसे निर्णय कसे घेतात हे शोधण्याची पद्धत. गॅरी क्लाइन, रॉबर्टा कॅल्डरवुड व डोनाल्ड मॅकग्रेगर या अमेरिकी संशोधकांनी ती १९८९ मध्ये मांडली. जॉन फ्लॅनगन यांचे १९५४ मधील घटना-विश्लेषणाचे तंत्र हा तिचा पाया.

पद्धत घडली ती अग्निशमन दलांच्या अभ्यासातून. १९८०च्या दशकाच्या मध्यास क्लाइन यांच्या गटाने सरासरी २३ वर्षे अनुभवाच्या २६ अधिकाऱ्यांकडून १५६ निर्णयबिंदू, म्हणजे काहीतरी ठरवावे लागले असे क्षण, गोळा केले. अधिकारी निदान दोन पर्याय तरी ताडून पाहत असतील, असा संशोधकांचा होरा होता. पण सुमारे ८० टक्के ठिकाणी तुलना झालीच नव्हती. आगीचे स्वरूप ओळखीचे वाटले की एक उपाय सुचे. तो मनातल्या मनात चालवून पाहिला जाई आणि अडत नसेल तर लगेच हुकूम सुटे. आपण काही ‘निर्णय’ घेतला असे त्यांना वाटतही नसे.

म्हणूनच ‘तुम्ही कसे ठरवता?’ हा प्रश्न येथे टाळतात. त्याला पुस्तकी उत्तर मिळते. त्याऐवजी अनुभवाचा कस लागलेला एकच प्रसंग निवडून त्यावरून पुन्हा पुन्हा जातात. आधी सलग कथन, मग घटनाक्रमाची आखणी. खरे काम तिसऱ्या फेरीत होते: त्या क्षणी काय दिसले, काय ऐकू आले, पुढे काय घडेल असे वाटले, काय खटकले? शेवटी ‘नवखा तिथे कुठे चुकला असता?’ यासारखे जर-तरचे प्रश्न.

नवजात अतिदक्षता विभागातील परिचारिकांवर बेथ क्रँडल यांनी सहकाऱ्यासह केलेला अभ्यास (१९९३) हे या पद्धतीचे बहुधा सर्वांत बोलके उदाहरण. अपुऱ्या दिवसांच्या बाळातील जंतुसंसर्ग या परिचारिका ज्या खुणांवरून हेरत, त्यांपैकी काही तत्कालीन वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्याच नव्हत्या.

सगळी मदार स्मरणावर असल्याने, शेवट ठाऊक झाल्यावर कथन नकळत नीटनेटके होण्याचा धोका राहतो. सांगणारा खरोखर जाणकार आहे का, हेही मुलाखतीतून ठरत नाही. क्लाइन आणि अंतःप्रेरणेबद्दल साशंक असलेले मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन यांनी २००९ मध्ये संयुक्त लेखात अशा जाणकारीवर विसंबण्यासाठी दोन अटी घातल्या: परिस्थितीत नियमितता हवी आणि ती शिकण्याची पुरेशी संधी हवी. आग आणि आजारी बाळ या अटींत बसतात. शेअर निवडणारे आणि दूरची राजकीय भाकिते करणारे बसत नाहीत, मग त्यांचे कथन कितीही ओघवते असो.