ब्राइटनेस कमी केला, तरी डोळे का दुखतात?

नवी मुंबईतल्या ऐरोली, महापे, घणसोलीच्या आयटी कंपन्यांतून रात्रपाळी करून निघणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. डोळे चुरचुरतात, कपाळ ठणकतं, बाहेर पडल्यावर स्टेशनच्या पाट्या क्षणभर पुसट दिसतात. त्यावर घरोघरी सांगितला जाणारा उपाय एकच, स्क्रीनचा ब्राइटनेस कमी कर. पुष्कळांना त्याने बरं वाटतं. काहींचं डोकं मात्र उलट जास्त चढतं, आणि ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून त्यांची बोळवण होते. ती करू नये, कारण त्यांच्या त्रासाचं मूळ स्क्रीनच्या आत असू शकतं.

डोळ्यांची बाजू थोडक्यात सांगतो. एरवी आपण मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनवर नजर खिळली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. त्यात एसीची कोरडी हवा. अश्रूंचा पातळ थर सुकतो आणि चुरचुर सुरू होते. जवळचं दिसावं म्हणून डोळ्यातल्या भिंगाला आकार देणारा स्नायू तासन्‌तास आखडलेला राहतो, तो शीण वेगळाच.

आता स्क्रीन. एलसीडीच्या मागे एलईडी दिवे असतात. त्यांचा उजेड दोन तऱ्हांनी मंद करता येतो. एक, दिव्यांना मिळणारा विद्युतप्रवाह कमी करून. दुसरी, दिवे पूर्ण प्रखर ठेवायचे, पण सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायचे. या दुसऱ्या तऱ्हेला पल्स विड्थ मॉड्युलेशन, म्हणजेच पीडब्ल्यूएम म्हणतात. समजा, दिवे सेकंदाला 240 वेळा लुकलुकतात आणि ब्राइटनेस 20 टक्क्यांवर आहे. मग प्रत्येक फेरीत प्रकाश जेमतेम 0.8 मिलिसेकंद असतो आणि पुढचे 3.3 मिलिसेकंद अंधार. ब्राइटनेस जितका कमी, तितका अंधाराचा वाटा मोठा. रात्री दिवे मालवून, ब्राइटनेस तळाला नेऊन काम करणाऱ्याला ही लुकलुक सर्वांत जास्त सोसावी लागते, ती अशी.

एवढी जलद लुकलुक डोळ्यांना जाणवत नाही हे खरं. पण जाणवत नाही म्हणून ती बाधत नाही, असं नाही. ब्रिटनमधल्या एका कार्यालयात ट्यूबलाइटवर झालेला प्रयोग 1989 साली प्रसिद्ध झाला. जुन्या चोकवरच्या ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकत, कारण तिथली वीजही आपल्यासारखीच 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांची, आणि प्रत्येक आवर्तनात उजेड दोनदा मंदावतो. कर्मचाऱ्यांना न सांगता काही काळ त्या ट्यूब उच्च वारंवारितेच्या इलेक्ट्रॉनिक चोकवर चालवल्या, तेव्हा डोकेदुखी आणि डोळ्यांच्या ताणाचं प्रमाण निम्म्याहूनही खाली आलं. एलईडी दिव्यांच्या लुकलुकीबद्दल आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने 2015 साली शिफारशी केल्या. त्यांच्या हिशेबाने दिवे पूर्ण चालू-बंद होत असतील, तर वारंवारिता 1250 हर्ट्झच्या वर गेल्यावरच धोका कमी धरायचा. 240 हा आकडा त्यापासून बराच लांब आहे.

तुमची स्क्रीन कोणत्या जातीची, हे पेन्सिलने कळतं. खोलीतले दिवे बंद करा, स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, ब्राइटनेस अगदी कमी करा आणि स्क्रीनसमोर पेन्सिल झपझप हलवा. सलग पुसट पट्टा दिसला, तर बहुधा काळजी नाही. सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या, तर ती लुकलुक आहे. मग मॉनिटरचा ब्राइटनेस वाढवत न्यायचा आणि उजेड जास्त वाटला, तर ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमधून चित्र गडद करायचं. रंगांची मजा थोडी जाते, पण लुकलुक कमी होते किंवा थांबते. मॉनिटर नवा घेताना ‘फ्लिकर-फ्री’, म्हणजे न लुकलुकणारा, बघूनच घ्यावा.

ठाणे–वाशी लोकलमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. बॅटरीवर चालताना काही ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, चित्र पाहून बॅकलाइट (मागच्या दिव्यांचा उजेड) आपोआप कमी-जास्त करतात. पांढरी खिडकी उघडली की एक उजेड, काळी उघडली की दुसरा, आणि डोळ्याची बाहुली सारखी त्यामागे धावते. ड्रायव्हरमधली वीजबचतीची ही सोय बंद करता येते.

टीव्हीचा मॉनिटर करणाऱ्यांचं दुखणं वेगळं. घणसोलीला माझ्या भाच्याने वन बीएचकेत दुसऱ्या टेबलाला जागा नाही म्हणून 43 इंची टीव्हीलाच लॅपटॉप जोडला होता. “मामा, तासाभरात डोळे दुखतात, अक्षरं बघवतच नाहीत,” म्हणाला. मी एक्सेलमधल्या काळ्या पट्टीवरची लाल अक्षरं जवळून पाहिली, तर त्यांच्या कडा पसरलेल्या होत्या. जुन्या एचडीएमआय पोर्टमधून 4के चित्र सेकंदाला 60 वेळा पाठवायचं तर माहिती मावत नाही. मग लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड रंगांची माहिती छाटतं, चार पिक्सेलना (चित्राच्या ठिपक्यांना) मिळून एकच रंग. सिनेमात हे लक्षातही येत नाही. बारीक अक्षरांची मात्र वाट लागते आणि डोळा ती स्पष्ट करायला धडपडत राहतो. आम्ही कार्डाचं आउटपुट आरजीबी केलं, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग पूर्ण जाईल असं, त्यासाठी 4के ठेवून 30 हर्ट्झवर जाण्याऐवजी कमी पिक्सेलचं 1080पी घेतलं, टीव्हीला पीसी मोड लावला, शार्पनेस उतरवला. अक्षरं मोठी झाली, पण कडा स्वच्छ आल्या.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर पैसे घालण्याआधी एक माहीत असावं. वैद्यकीय अभ्यास एकत्र पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2023 च्या आढाव्यात या चष्म्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं दिसलं नाही, निदान थोड्या काळात तरी. तेच पैसे नेत्रतपासणीला लावा. चाळिशी ओलांडलेल्यांनी जाताना डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर पट्टीने मोजून न्यावं. वाचनाचा नंबर पुस्तकाच्या अंतरासाठी काढलेला असतो, मॉनिटर त्याहून लांब असतो.