ब्रांकुशीचा पक्षी : न्यूयॉर्कच्या कोर्टापासून इंदूरपर्यंत

अमूर्त शिल्पात पक्षी आणि उड्डाण हा विषय निघाला की कॉन्स्टंटिन ब्रांकुशीला वळसा घालून पुढे जाता येत नाही. रुमानियातल्या होबित्सा या खेड्यात १८७६ साली जन्मलेला हा शिल्पकार १९०४ मध्ये पॅरिसला आला. थोर शिल्पकार रोदँच्या हाताखाली काम करायची संधी मिळूनही तो तिथे फार दिवस टिकला नाही.

पक्ष्याकडे तो वळला लोककथेतून. रुमानियन गोष्टींतल्या ‘मायास्त्रा’ या जादूच्या पक्ष्याचं शिल्प त्याने १९१० च्या सुमारास घडवलं, तेव्हा त्याला चोच होती, पाय होते, पुढे काढलेली छाती होती. नंतर एकेक गोष्ट गळत गेली. १९२३ पासूनच्या ‘अवकाशातला पक्षी’ या मालिकेत ना पंख उरले ना पिसं. तळाशी निमुळतं, मध्यावर हलकेच भरलेलं एक उंच, सडपातळ अंग आणि टोकाला तिरपा छेद; चोचीची खूण म्हणावी तर तेवढीच. ओतीव कांस्य हाती आलं की तो ते स्वतः घासून आरशासारखं लखलखीत करी. त्यामुळे या मालिकेतला एकही पक्षी दुसऱ्यासारखा तंतोतंत नाही.

यातलाच एक पक्षी १९२६ मध्ये फ्रेंच चित्रकार मार्सेल द्युशांबरोबर न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी त्याची नोंद स्वयंपाकघरातली भांडी व इस्पितळाचं साहित्य या सदरात करून ४० टक्के जकात लावली. कलाकृतींना जकात माफ होती. पण जुन्या एका निकालानुसार शिल्प म्हणजे निसर्गातल्या वस्तूची प्रतिकृती; आणि हा तर पक्ष्यासारखा दिसतच नव्हता. प्रकरण कोर्टात गेलं. जंगलात हे दिसलं तर पक्षी समजून गोळी झाडाल का, असाही प्रश्न साक्षीदाराला विचारला गेला! हुबेहूब नक्कल नसूनही शिल्प ठरतं, हे दाखवायला शिल्पकार जेकब एपस्टाइन यांनी तर प्राचीन इजिप्तमधला दगडी ससाणाच पुरावा म्हणून पुढे केला. नोव्हेंबर १९२८ मध्ये निकाल ब्रांकुशीच्या बाजूने लागला. नवी कला निसर्गाची नक्कल करण्याऐवजी अमूर्त कल्पना मांडू पाहते, हे न्यायालयाने मान्य केलं.

खटल्याची गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला मात्र तिच्यापेक्षा इंदूरची गोष्ट मोठी वाटते, आणि आपल्याकडे तिची आठवण फारशी निघत नाही. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) आणि कागलच्या घाटगे घराण्यातल्या महाराणी संयोगितादेवी हे आधुनिक कलेचे खरे दर्दी. जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसिउसकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. (तिथे पुढे सीमाशुल्क आणि अबकारी खात्याचंच कार्यालय थाटलं गेलं, हा योगायोग न्यारा.) महाराजांनी ब्रांकुशीकडून तीन पक्षी घेतले: एक कांस्याचा, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा. या पक्ष्यांसाठी इंदूरला ध्यानमंदिर बांधायचं ठरलं. खिडक्या नसलेली वास्तू, भुयारातून वाट, आत पाण्याचं कुंड आणि वरून येणारा उजेड, अशी कल्पना होती.

१९३७ मध्ये महाराणी अकाली गेल्या. १९३७-३८ च्या हिवाळ्यात ब्रांकुशी मंदिराच्या कामासाठी इंदूरला आला खरा, पण काम काही सुरू झालं नाही. पुढे महायुद्ध आलं, मग संस्थानही विलीन झालं. आता कांस्याचा पक्षी कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. संगमरवरी जोडी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने विकत घेतली. ती कॅनबेराला आहे.