श्रीलंकेचा पर्यटक-आलेख : १९६६ ते २०२४

श्रीलंकेत २०१८ साली २३,३३,७९६ परदेशी पर्यटक आले. तीन वर्षांनी, २०२१ मध्ये, आले फक्त १,९४,४९५. हा खड्डा कसा पडला आणि भरताना त्यात काय राहून गेले, हे नीट कळायचे तर १९६६ पासून सुरुवात करावी लागते. बेटाचा आलेख कोसळण्याची ही पहिली वेळ नव्हतीच.

सिलोन टुरिस्ट बोर्ड १९६६ साली स्थापन झाले. त्या वर्षीची नोंद १८,९६९ पर्यटकांची. पुढे बेंटोटासारख्या किनारी गावात सरकारने जमीन घेऊन हॉटेले उभी करायला दिली, युरोपातून चार्टर विमाने सुरू झाली, १९७७ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली आणि १९८२ मध्ये संख्या ४,०७,२३० वर गेली. मोजणीचा नियम साधा आहे: बेटावर किमान एक रात्र राहिलेला परदेशी पाहुणा तो पर्यटक. क्रूझने येऊन संध्याकाळी परत जहाजावर जाणारे यात धरत नाहीत.

जुलै १९८३ मध्ये तमिळांविरुद्ध दंगली उसळल्या आणि यादवी युद्ध पेटले. १९८७ साली आकडा १,८२,६२० वर आला. पुढची दोन वर्षे तो जागचा हललाच नाही, कारण उत्तरेत युद्ध चालू असतानाच दक्षिणेत जेव्हीपी या सिंहली डाव्या पक्षाचा सशस्त्र उठाव भडकला होता आणि बहुतेक किनारी हॉटेले दक्षिणेतच होती. १९८२ चा आकडा ओलांडला गेला तो थेट १९९४ मध्ये, तोही जेमतेम २८१ पर्यटकांनी.

युद्धाने आणखी एक नुकसान केले, जे वार्षिक आकड्यांत दिसत नाही. बेटाला दोन हंगाम आहेत. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे मे ते सप्टेंबर गॉल, हिक्कडुवा, मिरिसाचा समुद्र खवळलेला असतो. नेमक्या त्याच महिन्यांत पूर्वेकडचे त्रिंकोमाली, पासिकुडा, अरुगम बे शांत असतात. पूर्व किनारा युद्धक्षेत्रात गेल्यामुळे हॉटेलवाल्यांना डिसेंबर ते मार्च एवढ्या चार महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढावे लागे. म्हणूनच मासिक आकडे वाचताना मेची तुलना फेब्रुवारीशी करू नये, आदल्या वर्षीच्या मेशीच करावी. हा घोळ बातम्यांत वारंवार होतो.

जानेवारी १९९६ मध्ये कोलंबोत सेंट्रल बँकेवर बाँबहल्ला झाला आणि वर्षाचा आकडा ४,०३,१०१ वरून ३,०२,२६५ वर घसरला. २४ जुलै २००१ ला एलटीटीईने कटुनायके विमानतळावर हल्ला करून राष्ट्रीय कंपनीची विमाने जाळली. त्या वेळी विमान आणि जहाज कंपन्यांचा युद्धजोखमीचा विमा एकदम महागला. पर्यटक यायला तयार असला तरी विमान कंपनीला तिथे उतरणे परवडले पाहिजे, हे तेव्हा दिसून आले. फेब्रुवारी २००२ मध्ये युद्धविराम झाला आणि २००३ ला संख्या प्रथमच पाच लाखांवर गेली.

त्सुनामीनंतरचा आकडा मात्र फसवा आहे. २६ डिसेंबर २००४ ला किनारा उद्ध्वस्त झाला, तरी २००५ ची नोंद ५,४९,३०८ म्हणजे आदल्या वर्षापेक्षा फक्त तीन टक्के कमी. हे सगळे समुद्रकिनारी विसावायला आलेले नव्हते. मदतकार्याला आलेले स्वयंसेवक, पत्रकार, नातेवाइकांना भेटायला धावलेले परदेशस्थ लंकावासी हे सगळे त्याच रकान्यात मोजले गेले. विमानतळ भरलेला आणि किनाऱ्यावरच्या खोल्या रिकाम्या, असे ते वर्ष होते.

मे २००९ मध्ये युद्ध संपले. त्या वर्षी ४,४७,८९० पर्यटक होते, २०१२ ला १० लाख, २०१६ ला २० लाख. पूर्व किनारा खुला झाला, जानेवारी २०१२ पासून प्रवासाची परवानगी ऑनलाइन मिळू लागली, चिनी आणि भारतीय पर्यटक वाढले. २०१७ मध्ये वाढ तीन टक्क्यांवर अडकली. धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी विमानतळ जानेवारी ते एप्रिल रोज दिवसा बंद ठेवावा लागला, म्हणजे ऐन हंगामात. त्याच वर्षी डेंग्यूची मोठी साथही आली.

आता २०१९. २१ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, चर्च आणि कोलंबोतल्या हॉटेलांवर आत्मघाती हल्ले झाले. अडीचशेहून अधिक माणसे गेली, त्यांत अनेक परदेशी पाहुणे होते. मे २०१८ मध्ये १,२९,४६६ पर्यटक आले होते, मे २०१९ मध्ये ३७,८०२. घट ७१ टक्के. ऑगस्टपासून अनेक देशांच्या नागरिकांना व्हिसाशुल्क माफ केले गेले, इतर देशांनी प्रवासाविषयीचे इशारे हळूहळू सौम्य केले. डिसेंबर २०१९ ची संख्या २,४१,६६३, म्हणजे आदल्या डिसेंबरपेक्षा फक्त साडेचार टक्के कमी. आठ महिन्यांत बेट जवळजवळ पूर्ववत झाले होते. एकदाच बसलेला घाव, मग तो कितीही भीषण असो, पर्यटनाला लवकर पेलतो. लांबत जाणारी अनिश्चितता पेलत नाही, हे १९८३ नंतरची १२ वर्षे सांगतात आणि २०२० नंतरचीही.

कारण लगेचच कोविड आला. १८ मार्च २०२० ला बेट बंद झाले. वर्षाची नोंद ५,०७,७०४ दिसते, पण त्यातले ५,०७,३११ पहिल्या तीन महिन्यांतले. उरलेले ३९३ डिसेंबरच्या अखेरीस, युक्रेनहून चाचणी म्हणून आणलेल्या गटातले. जानेवारी २०२१ मध्ये दारे उघडली, पण पाहुणे थोडेच.

सावरण्याची वेळ आली आणि तिजोरी रिकामी झाली. एप्रिल २०२२ मध्ये सरकारने परदेशी कर्जफेड थांबवली. १३ तासांपर्यंत वीज जाई, पेट्रोलसाठी रांगा दिवसांत मोजल्या जात. कँडी, नुवारा एलिया, ‘याला’ राष्ट्रीय उद्यान करत बेट फिरणाऱ्या पाहुण्याचा सारा प्रवास गाडी आणि ड्रायव्हरवर चालतो. टाकीत इंधन नाही म्हटल्यावर बुकिंग रद्द. मार्चमध्ये १,०६,५०० आलेले पर्यटक मेमध्ये ३०,२०७ उरले. जूनमध्ये न्यायालयीन वादातून एरोफ्लोटचे विमान कोलंबोत अडकले आणि त्या कंपनीने ऑक्टोबरपर्यंत उड्डाणेच थांबवली, त्यामुळे रशियन पर्यटकही आटले. पर्यटकांच्या गाड्यांसाठी वेगळा इंधन पास काढावा लागला. त्या वर्षी एकूण ७,१९,९७८ आले. ही २७० टक्के वाढ म्हणून सांगितली जाते. २०२१ च्या तळाशी तुलना केली की अशी टक्केवारी निघते, २०१८ शी केली तर हे एकतृतीयांशही नाही.

२०२३ मध्ये १४,८७,३०३ आणि २०२४ मध्ये २०,५३,४६५. डोकी परत आली. पैसा किती आला, हे उत्पन्नाचा अंदाज कसा काढतात ते पाहिले की समजते: पर्यटक गुणिले सरासरी मुक्काम गुणिले रोजचा खर्च. २०१८ साठी २३,३३,७९६ × १०.८ दिवस × १७३.८ डॉलर, म्हणजे सुमारे ४३८ कोटी डॉलर, माणशी १,८७७. २०२४ चे उत्पन्न सुमारे ३१७ कोटी, माणशी दीड हजारांच्या थोडे वर. पर्यटक १२ टक्के कमी, उत्पन्न मात्र २८ टक्के कमी.

कोण आले हेही बदलले आहे. भारतीय २०१८ मध्ये ४,२४,८८७ होते, २०२४ मध्ये ४,१६,९७४, म्हणजे जवळपास तेवढेच. पण मुंबई-पुण्याच्या टूर कंपन्यांची श्रीलंका सहल आठवडाभरात आटोपते. ब्रिटिश पाहुणे याच काळात अडीच लाखांवरून १,७८,००० वर आले. चिनी २,६५,९६५ वरून निम्म्यावर, आणि त्यांच्या जागी २०२४ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर रशियन होते, दोन लाखांहून थोडे अधिक.