गादीदार खुर्चीचे कापड : स्वच्छता व निगा

खुर्ची, कोच, सोफा इ. आसनांच्या गादीवर खिळे, स्टेपल किंवा शिवण यांनी कायमचे ताणून बसवलेल्या कापडाची धूळ काढणे, डाग घालवणे, धुलाई करणे आणि प्रकाश, ओल व कीड यांपासून त्याचे रक्षण करणे या क्रियांचा विचार येथे केला आहे. चामडे व रेक्झीन यांची निगा वेगळ्या तत्त्वांवर चालते. ती या नोंदीत घेतलेली नाही. सुटे अभ्रे काढून धुणे ही नेहमीची धुलाईच होय.

हे कापड अंगावरच्या कापडाहून अवघड ठरते ते मागच्या थरांमुळे. त्याखाली अस्तर, कापसाचा वा कृत्रिम तंतूंचा थर, फोम, काथ्या किंवा घोड्याचे केस, तागाचे जाड कापड, पट्टे, स्प्रिंगा आणि लाकडी सांगाडा असतो. धुण्याचे पाणी या थरांत उतरते, पण पिळून काढता येत नाही. ते पुन्हा वर येऊन कापडाच्या पृष्ठभागावरूनच वाळते आणि येताना खालचा मळ, तागातली तपकिरी द्रव्ये, राहिलेला साबण असे सगळे बरोबर आणते. सांडलेला थेंब ओल्या फडक्याने पुसला की डाग गेल्यासारखा वाटतो. काही तासांनी मात्र त्याच जागी तळहाताएवढे फिकट वर्तुळ आणि त्याला पेन्सिलीने काढल्यासारखी तपकिरी कड दिसू लागते. ओलाव्याच्या कडेला पाणी सर्वांत लवकर उडते, त्यामुळे विरघळलेली द्रव्ये मधून कडेकडे ओढली जातात व तेथेच साठतात. म्हणून जाणकार कारागीर डागापुरते न थांबता तो संपूर्ण भाग शिवणीपासून शिवणीपर्यंत सारखा ओलसर करून पुसून घेतात. कापूस, लिनन यांसारख्या सेल्युलोजी तंतूंचे कापड हळूहळू वाळले किंवा अल्कधर्मी द्रावणाने धुतले, तर सबंध पृष्ठभागच पिवळट-तपकिरी पडतो. सौम्य आम्लाने, उदा. पातळ केलेल्या व्हिनेगराने, हा दोष बराचसा कमी होतो.

तंतूचा प्रकार ठरवल्याशिवाय पद्धत ठरवता येत नाही. कापूस व लिनन ओले असताना कोरड्याहून अधिक बळकट असतात. व्हिस्कोज रेयॉनचे बळ ओलेपणी निम्म्याच्या आसपास येते. शिवाय त्याची लव पाण्याने चपटी होते आणि पुन्हा उभी राहत नाही. मखमल म्हणून विकले जाणारे पुष्कळ कापड असल्या मिश्र धाग्यांचे असते, हे खरेदीच्या वेळी फारसे कोणी पाहत नाही. लोकर व रेशीम ही प्रथिने असल्याने त्यांना अल्कली मानवत नाही, तसेच प्रथिने फोडणारी विकरे (एंझाइम) असलेली प्रक्षालकेही (डिटर्जंट) चालत नाहीत. अ‍ॅसिटेट तंतू अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतो. नखांचा रंग काढण्याच्या द्रवाने डागाबरोबर कापडही जाते ते यामुळे. पॉलिप्रॉपिलीन पाणी शोषत नाही, पण तेल धरून ठेवते. पॉलिएस्टर या सर्वांत सोशिक.

ही निवड सोपी व्हावी म्हणून अमेरिकेच्या फर्निचर उद्योगात अक्षरखुणा रूढ झाल्या आणि पुढे त्या इतरत्रही पसरल्या. ‘डब्ल्यू’ म्हणजे पाण्यावर आधारित द्रावण, ‘एस’ म्हणजे केवळ निर्जल विद्रावक (डाग विरघळवणारा, पाणी नसलेला द्रव), ‘डब्ल्यूएस’ म्हणजे दोन्ही आणि ‘एक्स’ म्हणजे निर्वात झाडणी (व्हॅक्यूम क्लीनरने धूळ ओढणे) किंवा मऊ ब्रश यांपलीकडे काहीही नाही. गादीच्या आवरणाला चेन असली तरी ते काढून यंत्रात धुता येते असा तिचा अर्थ नव्हे. चेन मुख्यतः भरणी घालण्याच्या सोयीसाठी असते आणि धुतलेले आवरण आटून परत बसत नाही, असा अनुभव आहे.

‘एस’ या खुणेमागची निर्जल धुलाई (ड्रायक्लीनिंग) नेमकी कोणी सुरू केली याबद्दल एकवाक्यता नाही. पॅरिसचे झां-बाप्तिस्त जोली यांना बहुधा हा मान दिला जातो. दिव्यातले तेल मेजावरच्या कापडावर सांडले आणि तेवढाच भाग स्वच्छ झाला, ही कथा त्यांच्याबद्दल सांगतात. मात्र तिचे साल कोठे १८२५, तर कोठे १८४५ असे दिले जाते. अशा ‘अपघाताने लागलेल्या शोधां’च्या कथा धंद्याची भरभराट झाल्यानंतर रचल्या जातात, हे लक्षात घेता तिच्यावर फार भार देता येत नाही. दुसरा दावा न्यूयॉर्कचे शिंपी टॉमस जेनिंग्ज यांचा. त्यांना ३ मार्च १८२१ रोजी ‘कोरड्या घासणी’च्या पद्धतीचे एकस्व (पेटंट) मिळाले, अमेरिकेचे एकस्व मिळवणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन मानले जातात. डिसेंबर १८३६ मध्ये वॉशिंग्टनच्या एकस्व कार्यालयाला लागलेल्या आगीत त्यांच्या पद्धतीचे वर्णन नष्ट झाले. तारखेचा अग्रक्रम जेनिंग्ज यांच्याकडे जातो यात शंका नाही. पण त्यांची ‘कोरडी घासणी’ विद्रावकाची होती की एखाद्या शोषक मातीची, हे एकस्वाच्या नावावरून ठरत नाही. तेलकट डागावर मुलतानी माती पसरून ती झटकण्याची रीत त्यापूर्वीही होती. विद्रावकावर चालणारा धंदा म्हणून पाहिल्यास पॅरिसचा पक्ष अधिक सबळ वाटतो.

विद्रावक म्हणून टर्पेंटाइननंतर बेंझीन व पेट्रोल आले, आणि त्यांच्यासोबत आगीही. १९२० च्या दशकात तुलनेने उशिरा पेट घेणारे, खनिज तेलापासूनचे स्टोडार्ड विद्रावक व १९३० च्या दशकापासून न पेटणारे पर्क्लोरोएथिलीन प्रचारात आले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या दुसऱ्या द्रवाचा समावेश ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ अशा गटात केला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने धुलाईतील त्याचा वापर दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा नियम जाहीर केला. खुर्ची दुकानाच्या यंत्रात घालता येत नसल्याने विद्रावक खोलीतच फडक्याने लावावा लागतो. तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात व जवळ ज्योत नको. कापडाच्या मागच्या बाजूस लेटेक्सचा (रबरी) थर असल्यास विद्रावक बेतानेच लावावा, कारण लेटेक्स त्यात फुगते व सुटते.

धूळ काढण्याच्या यंत्राचा उगम गादीदार आसनाशी थेट जोडलेला आहे. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी धूळ फुंकून उडवणाऱ्या एका यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले. धूळ उडून पुन्हा तेथेच बसत होती. त्यानंतर व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील एका उपाहारगृहात त्यांनी लवदार कापडाच्या आसनाला तोंड लावून हवा ओढली आणि त्यांना जोराचा ठसका लागला. तोंड व आसन यांच्यामध्ये रुमाल धरला होता आणि त्यावर धुळीचा ठसा उमटला, असेही सांगतात. त्याच वर्षी त्यांनी एकस्व घेतले. दैनंदिन निगेत निर्वात झाडणीइतके फळ दुसऱ्या कशानेच मिळत नाही, कारण कापड झिजते ते मुख्यतः वाळूच्या बारीक कणांनी : बसणाऱ्याच्या हालचालीने हे कण करवतीसारखे धागे कापतात. झिजेचा अंदाज मार्टिनडेल चाचणीने घेतात. तीत नमुना लोकरी कापडावर हजारो वेळा घासला जातो. घरगुती वापराला १५ ते २५ हजार घासण्या सामान्यतः पुरेशा समजतात. चाचणीतला हा मोठा आकडा कापड धुण्यास सोपे असल्याची खात्री देत नाही, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. जुन्या रेशमी किंवा तुटक्या धाग्यांच्या कापडावर जाळी धरून कमी ओढीनेच झाडावे.

डागांविषयी थोडक्यात : आधी टिपावे, घासू नये. रक्त, दूध, अंडे यांवर थंड पाणीच वापरावे. उष्णतेने प्रथिने गोठून पक्की बसतात. चहा-कॉफीला सौम्य आम्ल, तेलाला शोषक भुकटी व नंतर विद्रावक, शाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल. प्रत्येक द्रावणाची परीक्षा मागच्या किंवा खालच्या न दिसणाऱ्या जागी करावी आणि पांढरे फडके दाबून रंग सुटतो का ते पाहावे. शांपूचा कोरडा फेस वापरणे एकंदरीत सुरक्षित असते, पण राहिलेला अंश चिकट असला तर नवी धूळ लवकर धरतो. ‘वाफेची धुलाई’ या नावाने जे चालते ते पुष्कळदा गरम पाणी फवारून लगेच ओढून घेणे असते. त्यात वाफ नाममात्र. ओली गादी एक-दोन दिवसांत बुरशी धरू शकते, म्हणून पंखा लावूनच हे काम घ्यावे.

डाग न धरू देणाऱ्या लेपांपैकी ‘स्कॉचगार्ड’ १९५६ मध्ये बाजारात आला. तो शोध १९५३ मध्ये थ्रीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत बुटावर सांडलेल्या रबरी द्रवावरून लागला. पॅट्सी शर्मन व सॅम्युएल स्मिथ यांची नावे त्याच्याशी निगडित आहेत. या लेपांतील पीएफओएस हे रसायन निसर्गात विघटित होत नसल्याने कंपनीने २०००मध्ये ते थांबवण्याचे जाहीर केले आणि २००९मध्ये ते चिवट प्रदूषकांवर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत आले. त्याहून जुना उपाय म्हणजे पाठीवर टाकायचा सुटा रुमाल. एकोणिसाव्या शतकात केसांना लावल्या जाणाऱ्या मॅकॅसर तेलापासून खुर्चीची पाठ वाचावी म्हणून तो वापरात आला व इंग्रजीत ‘अँटिमॅकॅसर’ या नावाने ओळखला गेला. आगगाडी व विमान यांच्या आसनांवर तो आजही असतो.

प्रकाशाने झालेली हानी कोणत्याही धुलाईने भरून येत नाही. संग्रहालये नाजूक कापडांवर साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) प्रकाश ठेवतात. उन्हातल्या खिडकीशी तो हजारो लक्स असतो. लोकर, रेशीम आणि घोड्याच्या केसांची भरणी यांवर कसर व गालिच्याचे भुंगे यांच्या अळ्या जगतात. त्या अंधाऱ्या शिवणीत व गादीच्या खालच्या बाजूस सापडतात, कापडाच्या दर्शनी भागावर क्वचितच. या अळ्या मारण्यासाठी लहान खुर्ची प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे २० अंश से. किंवा त्याखालील तापमानात सुमारे आठवडाभर ठेवतात. ती बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत प्लॅस्टिक उघडत नाहीत, नाहीतर हवेतील बाष्प थंड कापडावर साचून पुन्हा डाग पडतात.